‘पाणी आलं’, अंक पहिला

नावावरून तीन दिवस भांडण.
‘पहाट’ नको, ‘झेप’ नको,
‘उमलत्या कळ्या’ तर शाळेच्या फळ्यावर
दरवर्षी उमलून वाळतात, म्हणाली रुकैया
आणि खोडरबराचा चुरा फुंकून टाकला.
शेवटी प्रज्योत घाडी, जो सहसा बोलत नसे,
म्हणाला, आपल्या कॅम्पात लोक
एकाच हाकेला दार उघडतात.

म्हणून मासिकाचं नाव ‘पाणी आलं’.
ट्रान्झिट कॅम्प, प्रतीक्षानगर, सायन.
किंमत: वाचून परत करणे.
प्रती: एक.

कागद रुकैयाच्या अब्बांनी दिले,
बाइंडिंगच्या दुकानातली कातरण,
एका बाजूने तिरपी,
त्यामुळे आमच्या सगळ्या ओळी
खाली येता येता आखडत गेल्या.
मुखपृष्ठ लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचं,
उजेडात धरलं की आतलं ‘विवाहस्थळ’ दिसायचं.
संपादकीय मी लिहिलं.
‘आजच्या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात.
सातवीत होते.
युग म्हणजे कलियुग एवढंच माहीत.

प्रज्योतची रहस्यकथा:
लिफ्ट नसलेल्या इमारतीत लिफ्टमध्ये खून.
खुनी कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं,
म्हणून क्रमशः.
जाहिरात एकच, पिठाच्या गिरणीची, पानभर.
मोबदला: पाच किलो दळण फुकट.
आईने त्या दिवशी प्रथमच
साहित्याबद्दल बरा शब्द काढला.

तिसऱ्या पानाखाली चार बोटं जागा उरली.
रुकैया म्हणाली, वेलबुट्टी काढू.
मी सहा ओळी लिहिल्या:
रात्रपाळीचे बाबा दिवसा झोपतात
म्हणून आमचं घर चवड्यांवर चालतं,
कुकरसुद्धा शिट्टी गिळतो,
असं काहीतरी.
खाली नाव घातलं नाही. बाबा वाचतील म्हणून.

रविवार, दुपारी साडेतीन. प्रकाशन.
पॅसेजच्या टोकाला उभं राहून प्रज्योतने
आयुष्यातली सगळी न बोललेली ताकद लावली:
पाणी आलंऽऽ!
हंडे आले, बादल्या आल्या, तेलाचे डबे आले,
मागोमाग शिव्या.
शिर्सेकर मामींनी रिकामी कळशी आपटली,
पालथी घातली,
तिच्यावर बसल्या
आणि म्हणाल्या, दाखव काय ते.

एकोणीस दिवसांनी अंक परत आला.
हळदीचा अंगठा. शब्दकोडं पेनने सोडवलेलं, चुकीचं.
‘धकाधकी’ कुणीतरी दुरुस्त केलेलं, तेही चुकीचं.
शेवटचं पान आम्ही कोरं ठेवलं होतं, ‘वाचकांची पत्रे’.
त्यावर: सिलिंडर लावला ता. २१.
रमीचा हिशेब.
एक फोन नंबर, आणि खाली वेगळ्या शाईत
‘इथे फोन करू नये’.
अगदी कोपऱ्यात, पेन्सिलने, इतकं फिकट
की आधी वाटलं डाग आहे:
‘पान तीनवरची कविता दोनदा वाचली.’

त्यातल्या ‘र’ची शेपटी खाली लांब ओढलेली,
कुणीतरी हाक मारल्यावर
हात उचलायच्या आधीच उठावं तशी.

दुसरा अंक निघाला नाही.
खोल्यांची लॉटरी लागली. रुकैया मानखुर्दला,
घाडी कुठे ते कळलंच नाही.
खुनी अजून लिफ्टमध्येच आहे.

मी आता चेंबूरच्या बँकेत, काउंटर चार.
दिवसभर माणसांची अक्षरं
काचेखालून आत सरकतात.
परवा एका भरणा-स्लिपवर दिसला.
तोच ‘र’, तीच शेपटी. रुपये सातशे फक्त.
वर पाहिलं. सहीच्या जागी अंगठा होता,
आणि अंगठ्यामागे एक म्हाताऱ्या बाई.
स्लिप कुणी भरली, मी विचारलं.
म्हणाल्या, बाहेर कोणीतरी होतं. चुकली का?
नाही, म्हटलं, चुकली नाही.
मागे रांग होती.
मी शिक्का मारला
आणि स्लिप दोनदा वाचली.